लिंडेलचा एक डाव

माझा भाऊ लिंडेल मेब्री व्यावसायिक फुटबॉल खेळला. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि तरी ते बोलताना माझं डोकं फिरतं, कारण त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न ठरलेला असतो. "हो का? मग टीव्हीवर पाहिला असेल मी त्याला." अशा वेळी मी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाण्याचा नळ जरा जास्तच जोरात सोडते.

बेल्सबरोच्या मुख्य रस्त्यावर माझं बायकांचं सलून आहे. दक्षिण जॉर्जियातल्या कुठल्याही गावासारखंच हे गाव. शेंगदाण्याचा एक कारखाना, गरजेपेक्षा जास्त चर्च, आणि या सगळ्यांहून मोठं शाळेचं फुटबॉलचं मैदान, तेही पायाने नाही, हातात चेंडू घेऊन खेळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलचं. आमच्याकडे बाळ बघायला आलेली माणसं आधी त्याच्या मांड्या चाचपतात. लिंडेलच्या मांड्या आमच्या पाद्रीबुवांनी चाचपल्या आणि "अर्लीन, हा बचावात खेळणार," असं आईला सांगितलं. पाद्री आहे म्हणून प्रत्येक वाक्य देवाकडूनच येतं असं थोडंच आहे? पण आईने ते मनात पक्कं धरलं.

आई कारखान्यात पाळीवर जायची, त्यामुळे त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल. शाळेत तो लाइनबॅकर झाला, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला माणूस. समोरचा चेंडू घेऊन पळतो, याने त्याला आडवा करायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी तो तीन-चार पोरांना गवत खायला लावायचा आणि शनिवारी त्यांच्या आया माझ्याकडे केस विंचरायला यायच्या. मी अर्ध्या गावाची माफी मागितली असेल.

मोठ्या कॉलेजांना तो दोन बोटं बुटका वाटला. एका छोट्या कॉलेजात खेळला, तिथे खोऱ्याने माणसं पाडली. मग व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ते दिवस आले. आईने पीचचा कॉबलर हा भट्टीत भाजायचा गोड पदार्थ केला, अख्खं चर्च आमच्या दिवाणखान्यात बसलं. तीन दिवस टीव्हीवर नावं पुकारली जात होती आणि तीन दिवस लोक आमचा कॉबलर खात होते. शेवटी दोन्ही संपलं. त्याचं नाव आलं नाही. नंतर उत्तरेकडच्या एका संघाने फोन केला की येऊन तर बघ. तो गेला, आणि त्यांनी त्याला सरावपथकात ठेवून घेतलं.

सरावपथक म्हणजे काय हे मला आईला इतक्या वेळा समजवावं लागलं आहे की तुम्हालाही सांगून टाकते. आठवडाभर हे लोक मुख्य संघासोबत मैदानात मरमर मरतात आणि रविवारी सामन्याच्या दिवशी ट्रॅकसूट घालून कडेला उभे राहतात. आणि सरावात तरी ते स्वतःसारखे खेळतात का? तर तेही नाही. पुढच्या रविवारी ज्यांच्याशी गाठ असेल त्यांच्यातला कुणीतरी व्हायचं. लाल जाळीचं एक बनियन असतं, त्यावर त्या माणसाचा नंबर. ते चढवायचं आणि तो जसा वळतो, जसा वाकतो, जसा फसतो, तसंच करायचं, म्हणजे आपल्या चढाईवाल्यांचा अभ्यास होतो.

दर बुधवारी आमचं फोनवर हेच चालायचं.

"या आठवड्यात कोण आहेस?" मी विचारायची.

"एक्कावन्न नंबर. त्याचा डावा गुडघा दुखरा आहे, रोनी, त्यामुळे तो उजवीकडे वळताना आखडतो. म्हणून मीपण आखडतो."

"म्हणजे तुझा गुडघा धडधाकट असून तू लंगडतोस."

"कामच ते आहे."

"आणि रविवारी?"

"रविवारी तो खराखुरा येईल की लंगडायला."

असं पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. मधेच काढून टाकायचे, आठवड्याने पुन्हा बोलवायचे. गाडीच्या डिकीत त्याची बॅग कायम भरलेली असायची. घरी आला तरी पहिले दोन दिवस त्याच्या अंगात आधीच्या आठवड्याचा माणूस असायचा. एकदा जेवताना तो सारखा मान वाकडी करायला लागला. आईने घाबरून विचारलं, "काय रे, मान धरली का?" तर म्हणे, ती सवय डेन्व्हरच्या संघातल्या कुणाची तरी होती. माझं भाजीवरून मन उडालं.

त्याची एकच इच्छा होती. खऱ्या सामन्यात, स्वतःच्या नंबरात, एक तरी डाव. एक डाव म्हणजे किती, तर चेंडू हलला आणि माणूस पडला, संपलं. पण एक डाव खेळलेला माणूस खेळाडू ठरतो. न खेळलेला माणूस नोंदींमध्ये सापडतच नाही, मग त्याने सरावात हाडं मोडून घेतलेली असोत नाहीतर कुणाची मोडलेली असोत. माझ्या शेजारच्या दुकानात मिस्टर क्लीव्हन पुरुषांचे केस कापतात आणि सगळ्यांची टर उडवतात. ते दर सोमवारी दारात उभेच असायचे.

"रोनेटा, काल तुझा भाऊ दिसला टीव्हीवर."

"असं?"

"कोचच्या मागे उभा होता. काय करत होता ते काही कळलं नाही. बहुतेक छत्री धरली होती."

मी त्यांना काय उत्तर द्यायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. मनातून मात्र मलाही तेच वाटायचं. मी लिंडेलला दर वेळी म्हणायची, "ये परत. शाळेत पोरांना शिकव. निदान तुझ्या नावाने तुला हाक मारतील." तो म्हणायचा, "एक डाव, रोनी. मग येतो." चौथं वर्ष लागलं आणि मी त्या संघाच्या नावाने रोज सकाळी दात घासताना बोटं मोडायला लागले.

त्या चौथ्या नोव्हेंबरात सोमवारीच त्याचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं लॉटरी लागली.

"दुसऱ्या संघाने घेतलं मला. मुख्य संघात. आईला घेऊन ये रविवारी, तुमच्यापासून चार तासांवर तर आहे."

नियमच आहे तसा. दुसऱ्यांच्या सरावपथकातला माणूस उचलायचा तर त्याला थेट मुख्य संघात घ्यावं लागतं. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण माझं मन संशयी आहे.

"रविवारी सामना कुणाशी आहे त्यांचा?"

"तिकिटांची सोय मी करतो."

"लिंडेल."

"आमच्याशी. म्हणजे जुन्यांशी."

"अरे गाढवा, त्यांना तू नकोयस. तुझ्या डोक्यात आहे ते हवंय."

"डोकं माझ्याच खांद्यावर आहे ना? मग मला घ्यावंच लागलं की नाही?"

त्याच्या डोक्यात काय होतं तेही सांगते. क्वार्टरबॅक हा चढाईचा म्होरक्या. तो चेंडू हातात यायच्या आधी काहीबाही शब्द ओरडतो. त्यात कोण कुठून पळणार ते ठरलेलं असतं, आणि ते फक्त त्याच्या माणसांना कळतं. लिंडेल साडेतीन वर्षं रोज त्यांच्यासमोर उभा राहिलेला. त्याला ते शब्द झोपेतही कळायचे. "कॅक्टस" म्हटलं की त्यांच्या डाव्या बाजूने पळणार, अमुक म्हटलं की लांब फेकणार, सगळं.

"ऐक," मी म्हणाले, "आधी खेळवायचं कबूल करून घे. मग तोंड उघड."

"हो, हो."

कसलं हो हो. मंगळवारी त्याला एका खोलीत बसवला. कोच हॅगन नावाचा बचावाचा मुख्य, त्याचे दोन मदतनीस, समोर कॉफी आणि डोनट. शुक्रवारपर्यंत त्यांनी त्याला लिंबासारखा पिळला. मैदानावर सरावाला म्हणून सोडला तो दिवसातून थोडा वेळ, तेही कडेला. शुक्रवारी मी विचारलं, "कबूल करून घेतलंस?"

"सर विचारत होते, रोनी. मधेच कसं म्हणणार?"

"तोंडाने म्हणायचं."

"म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही असं थोडंच असतं."

आम्हाला लहानपणी आईने मोठ्यांपुढे 'यस सर, नो मॅम' एवढंच शिकवलं होतं. मी सलून चालवते म्हणून माझं सुटलं. त्याचं कधी सुटलं नाही. मला त्या हॅगनपेक्षा लिंडेलचा जास्त राग आला, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

रविवारी आईने जन्मात पहिल्यांदा चर्च चुकवलं. चर्चची जांभळी हॅट मात्र घातली, पिसासकट. स्टेडियममध्ये मागच्या रांगेतला एक दांडगा माणूस म्हणाला, "मॅम, जरा हॅट काढता का? काही दिसत नाही."

"बाळा," आई मागे न बघता म्हणाली, "माझा मुलगा खेळणार आहे. तेवढं झालं की काढते."

तो बिचारा दोन तास मान वाकडी करून बसला.

लिंडेल खेळाडूंच्या कपड्यांत होता. ट्रॅकसूट नव्हता, हेच आम्हाला केवढं वाटलं. शिरस्त्राण काखेत, पाठीवर आमचं आडनाव. आईने ते आडनाव तीन-चारदा मोठ्याने वाचलं, जणू शेजारच्यांना इंग्रजी येत नव्हतं.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच डावात माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे. लिंडेलच्या जुन्या संघाचा क्वार्टरबॅक तोंडच उघडत नव्हता. गोंगाट असला की हे लोक खाणाखुणांवर खेळतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नसेल. हात मांडीवर एकदा, दोनदा, पाय उचलला, की चेंडू हलला. शब्द एक नाही. सगळा पूर्वार्ध मुक्याने काढला त्याने. चार दिवस पिळून काढलेलं सगळं ज्ञान पाण्यात गेलं. कोच हॅगन दर थोड्या वेळाने वळून लिंडेलकडे असा बघत होता, की जणू यानेच जाऊन त्यांच्या तोंडाला पट्टी लावली होती. मला खाली उतरून त्या हॅगनच्या कानात दोन शब्द घालावेसे वाटत होते.

उत्तरार्धात लिंडेलच्या नव्या संघाचा एक लाइनबॅकर घोटा धरून बसला. दुसरा आधीच जायबंदी होता. हॅगनने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुणीच उरलं नव्हतं. मग त्याने बोट केलं. लिंडेल पळत मैदानात गेला.

आई उभी राहिली. मी उभी राहिले. मागच्या माणसाने "झालं," असं काहीतरी म्हटलं.

समोर जुन्या संघाच्या रांगेत चेंडू मागे देणारा गस होता, लिंडेलचा तिथला रोजचा जेवणाचा सोबती, भिंतीएवढा माणूस. त्याने मान वर केली, लिंडेलला पाहिलं आणि मागे वळून क्वार्टरबॅकला काहीतरी सांगितलं. क्वार्टरबॅक सरळ उभा राहिला. दिवसभर मिठाची गुळणी धरून बसलेला तो माणूस दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला. वरच्या रांगेत आम्हाला काही ऐकू आलं नाही. लिंडेलला आलं. कॅक्टस.

चेंडू हलायच्या आधीच लिंडेल निघाला होता. मी माझ्या भावाला इतकं वेगात पळताना कधी पाहिलेलं नाही, शाळेतही नाही. बाणासारखा गेला तो, त्यांच्या डाव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं. आणि त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून त्यांचा पळणारा माणूस चेंडू घेऊन गेला तो थेट शेवटच्या रेषेपलीकडे. त्याला हातसुद्धा लागला नाही कुणाचा. लिंडेल रिकाम्या गवतावर थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं. त्याचं ते थांबणं मला अजून बघवत नाही. दिवसभरात एक शब्द नाही, आणि तू मैदानात येताच नेमका तुला कळणारा शब्द, एवढ्या मोठ्याने? शेंबड्या पोराला शंका आली असती. पण साडेतीन वर्षं ज्याने कान टवकारून काढली, त्याने डोळ्यांनी बघायचंच सोडलं होतं.

हॅगनने त्याला लगेच बाहेर काढलं आणि घोटा सुजलेल्याला पुन्हा आत पाठवलं. एक डाव. आईने शांतपणे हॅट काढली, मांडीवर ठेवली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "बघ आता."

सामना संपल्यावर गस मैदान ओलांडून आला आणि त्याने लिंडेलला मिठी मारली. बराच वेळ त्याच्या कानाशी काही बोलत होता. मला वाटलं, माफी मागत असेल. मागायलाच हवी होती.

मंगळवारी लिंडेलला काढून टाकलं. बुधवारी तो घरी होता. गावाने सामना पाहिला होता, आणि आमच्या गावाला फुटबॉलमधलं काही समजावून सांगावं लागत नाही. मिस्टर क्लीव्हनने त्याचे केस कापता कापता विचारलं, "लिंडेल, तिकडे नेमकं काय होतं रे? सेल लागला होता का?" सगळं दुकान खिदळलं. लिंडेलही हसला. पाद्रीबुवांनी मात्र चर्चबाहेरच्या फलकावर 'आमचा लिंडेल खेळला' असं लावलं, आणि खाली बायबलमधलं वचन. आई रोज तिथून मुद्दाम हळू गाडी चालवत जायची. तिच्यापुरतं सगळं झालं होतं. मला कुणाशी भांडावं तेच कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांशीच भांडत होते.

पुढच्या आठवड्यात तो माझ्या सलूनमध्ये रिकाम्या खुर्चीत बसून उकडलेल्या शेंगा खात असताना त्याचा फोन वाजला. मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं, जुन्या संघाचा होता. "यस सर," तो म्हणाला. "यस सर. बरा आहे सर." मग बराच वेळ ऐकत राहिला. मी हातातला ड्रायर बंद केला. माझं गिऱ्हाईकही श्वास रोखून बसलं.

"नाही, कोच," तो म्हणाला. "थँक यू, सर. पण नाही." आणि फोन ठेवून दिला.

"काय म्हणत होते?"

"परत ये म्हणाले. सरावपथकात. राग नाही कुणाचा."

आता खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. चार वर्षं मी हेच सांगत होते. पण माझा तोल गेला. "इतकी वर्षं मी ओरडत होते तेव्हा नाही आलास. आणि आता, अख्ख्या देशासमोर नाक कापून घेतल्यावर, घरी बसतोस? लोक म्हणतील पळून आला. निदान जाऊन ते धुऊन तरी काढ."

"धुवायचं काय आहे त्यात?"

"त्यांनी फसवलं तुला, लिंडेल. तुझ्याबरोबर जेवणाऱ्या माणसाने."

"हो. गसनेच सांगितलं मला." त्याने शेंगांची टरफलं रुमालात गोळा केली. लहानपणापासून नीटनेटका. "म्हणाला, त्या आठवड्यात त्यांनी सरावात एका नव्या पोराला माझा नंबर घालून उभा केला होता."

"कुठला नंबर?"

"माझा. नव्या संघाने दिलेला. लाल बनियनवर. आठवडाभर त्या पोराला शिकवत होते. शब्द ऐकला की लिंडेल आधी टाच उचलतो, मग त्याचा डावा खांदा खाली जातो. पोराला जमेना. तर कोच त्याच्यावर ओरडले म्हणे, 'लिंडेल असा नाही निघत. लिंडेल याहून जोरात निघतो.'"

हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मी तो चेहरा निवडीच्या त्या तीन दिवसांत बघायला बसले होते, आणि बघायला मिळाला नव्हता.

"आता मी परत जाऊन कुणाचं बनियन घालू, रोनी?" तो म्हणाला. "नाही जमायचं."

मी ड्रायर पुन्हा सुरू केला, गिऱ्हाइकाचे केस आधीच वाळलेले होते तरी. मला त्याला सांगायचं होतं की अरे वेड्या, तो मान नव्हता, सापळा होता. ज्यांनी तुला साडेतीन वर्षं कुणीही बनवलं, त्यांनी एक आठवडा तुझा अभ्यास केला तो तुला तोंडावर पाडायला. माझ्या जिभेच्या टोकावर होतं सगळं, आणि ते खरंही होतं. पण माझ्या भावाला खेळाडू म्हणून कुणी मोजलं असेल, तर फक्त त्यांनीच. आमच्यापैकी कुणी नाही, हॅगनने नाही, मीसुद्धा नाही. म्हणून मी गप्प बसले, आणि अजूनही बसते.